नव्या पुस्तकाची घडी

"अगं, थांब!" पेंढारकरबाई ओरडल्या. पण तोवर रेवतीनं नवी कोरी कादंबरी मधोमध उघडून टेबलावर दाबली होती. पुस्तकाच्या पाठीतून कट्कन आवाज आला. वाचनालयातल्या उमेदवारीचा तिचा तो पहिलाच आठवडा होता.

बाईंनी दुसरं पुस्तक घेतलं. पुढची चार पानं उलटून अंगठ्यानं हलकेच दाबली, मग मागची चार, पुन्हा पुढची. "अशी सवय लावायची, म्हणजे पाठ मोडत नाही."

"म्हणजे साडीची घडी मोडतात तसंच की! आमची आई नवी साडी आधी आत्याला नेसायला देते," रेवती बोलून गेली. एरवी कडक असलेल्या बाई खुदकन हसल्या. तेव्हापासून त्या वाचनालयात नव्या पुस्तकांची घडीच मोडली जाऊ लागली. नवं पुस्तक आधी घरी न्यायची मात्र तिथल्या कुणा कर्मचाऱ्याची टाप नव्हती. "आधी सभासद, मग आपण," हा बाईंचा नियम. निवृत्त होईपर्यंत त्यांनी स्वतःही तो पाळला.

आज ग्रंथपाल झालेली रेवती त्याच टेबलावर नवा गठ्ठा सोडत होती. बाई सहज डोकावल्या होत्या. तिनं वरचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"बाई, घडी तुम्ही मोडा."

बाईंचा अंगठा पानांवरून फिरला. पुढची चार, मागची चार. मग पुस्तक मिटून त्यांनी ते सरळ आपल्या पिशवीत टाकलं.

रेवती बघतच राहिली.

"अशी काय बघतेस? घडी मोडायची तर एकदा नेसायला नको का?"