आंब्यावरची सुगरण

पाटलानं बांधावरच्या आंब्याला कुऱ्हाड लावायची ठरवली, म्हणून पुतळाबाईनं कलेक्टरसाहेबाकडे अर्ज केला. पण साहेब पाखरांचा वेडा. दोन तारखांना तो अर्ज टाकून कुठल्याशा पाखरामागं पळाला.

तिसऱ्यांदा त्यानं आंब्याखालीच खुर्ची मांडली आणि वर बघून ताडकन उठला. फांदीला सुगरणीचं घरटं झुलत होतं.

"सुगरण, अन् आंब्यावर? हे आजवर कुणीच पाहिलेलं नाही!"

"पण साहेब, पाटील झाड तोडायला निघालाय," पुतळाबाई म्हणाली.

"खबरदार! या झाडाचं पानही तुटता कामा नये!"

पाटील चरफडत निघून गेला. साहेबानं शिडी लावली, घरटं जवळून न्याहाळलं आणि वहीत लिहिलं, 'ही सुगरण घरटं टांगायला लाल सूत वापरते.'

पुतळाबाईनं लुगड्याचा उसवलेला लाल काठ हळूच निऱ्यांत खोचला.