हत्तीखडकावरची मगर

“मगर दिसनी ते पोर यात्रालोंग ऱ्हाई,” चुनीलाल पानाला चुना लावत म्हणाले. “नही दिसनी ते उद्याच मन्हासंगे नवापूरले.”

“कबूल शे, याही,” सुकलाल व्याह्यांना म्हणाला.

दाराआड उभ्या असलेल्या नर्मदेने पदर तोंडात धरला. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तोंडावर आली होती. लग्नापूर्वी तिची एकही यात्रा चुकली नव्हती. पण सासरे तिला न्यायला ताप्ती व्हॅलीच्या गाडीने दोंडाईच्याला उतरून, पुढे बैलगाडीत हाडं खिळखिळी करून आले होते. रिकाम्या हाताने परतणाऱ्यांपैकी ते नव्हते.

मगरीची गोष्ट जुनीच होती. गावाजवळ तापीच्या पात्रात हत्तीखडक आहे. सुरतेचा माल नदीने जायचा, त्या काळी नावा बांधायला कोरलेली भोकं त्यात अजून दिसतात. या खडकावर हिवाळ्यात मगर ऊन खाते, असं सुकलाल सांगे. लग्नाच्या वेळी त्याने व्याह्यांना मुद्दाम तिथे नेलं. दिसले फक्त बगळे.

“तुम्हनी मगर तापीमा नही ऱ्हास, तुम्हना तोंडमा ऱ्हास,” असं चुनीलाल तेव्हा भर पंगतीत म्हणाले होते. पंगत अजून ते विसरली नव्हती.

जेवणं झाल्यावर नर्मदेने बापाला मागच्या अंगणात गाठलं. “बा, नही दिसनी ते?”

“दिसी, माय. निवांत झोप.”

व्याही येणार हे कळल्यापासूनच सुकलाल तयारीला लागला होता. नवापूरकडचा धनसिंग यात्रेआधी लाकूडकामासाठी नदीकाठी येई. त्यांच्याकडे मगर हा देव. नवस फळला की लाकडाची मगर करून पुजतात, आणि धनसिंगच्या हाताला ते काम चांगलं माहीत होतं.

“देव नही करस मी,” धनसिंगने आधीच बजावलं होतं. “देवले पूजा लागस. हाई निस्तं लाकूड. आनि तोंड मिटेल ऱ्हाई. दात कोराले येळ नही.”

“चाली. पन कोनी हात लावाले गयं ते?”

धनसिंगने विचार केला. मगर खडकाच्या उतरत्या कडेला ठेवायची, पोटाला दगड बांधायचा. काठीचा एक धक्का दिला की ती पाण्यात जाईल आणि बुडेल. मग तपासणार कोण? पहाटे ठेवून तो परस्पर निघून जाणार होता.

सकाळी थंडी बोचरी होती. नावेत पुढे चुनीलाल कानाला मफलर बांधून बसले, मागे पदर ओढून नर्मदा, मध्ये सुकलाल. नावाडी बांबूने नाव रेटत होता. उत्तरेला सातपुडा निळा, स्वच्छ दिसत होता. पाण्यावर चक्रवाकांच्या जोड्या बोलत होत्या. हत्तीखडकाच्या एका टोकाला पाणकावळे दाटीवाटीने पंख वाळवत बसले होते. दुसऱ्या टोकाला एकही पक्षी नव्हता.

तिथे मगर होती.

नावाड्याचा बांबू थांबला. नर्मदा “बा!” म्हणाली आणि सासरे समोर आहेत हे आठवून गप्प झाली.

सुकलाल पाहतच राहिला. पाठीवर काटे, शेपटीवर वाळलेला चिखल, तोंड उघडं आणि आत पिवळे दात. वेळ नाही म्हणाला, तरी धनसिंगने दात कोरलेच. सुकलालने मनातल्या मनात त्याला एक फेटा देऊन टाकला.

चुनीलाल मात्र डोळे बारीक करून बघत होते.

“हालस नही.”

“थंडीमा जनावर सुस्त ऱ्हास, याही.”

“आम्हनाकडे लाकडान्या मगरी पुजतस. मी लाकूड वळखस.” ते नावाड्याकडे वळले. “नाव खडकले लाव. मी हात लाईसन दखस.”

“तुम्ही पाव्हना,” सुकलाल घाईने म्हणाला. “तुम्हले काही व्हयनं ते याहीनबाईले काय सांगू? तुम्ही बठा. मी जास.”

नाव टेकताच तो काठी घेऊन उतरला. पाणकावळे उडाले. “बा, नका जाऊ!” नर्मदा या वेळी सासऱ्यांसमोरच ओरडली. पोरीने सोंग छान वठवलं, असं सुकलालला वाटलं. मग आठवलं की तिला आपण काहीच सांगितलेलं नाही. त्याने मागे वळून मिशीला पीळ दिला, मगरीच्या शेपटीशी उभा राहिला आणि तिच्या बरगडीत काठी खुपसून जोराने ढकललं.

मगर डोक्याकडून पाण्यात गेली. एवढं पाणी उडालं की सुकलाल छातीपर्यंत भिजला. नाव गदगदा हलली. मग वर्तुळं पसरत गेली आणि नदी शांत झाली. दगड चांगलाच जड बांधलाय, सुकलालच्या मनात आलं.

चुनीलालांचा चेहरा पांढरा पडला होता. घरी ओट्यावर चढल्यावर मात्र त्यांनी सुकलालला मिठी मारली.

“काय छाती शे तुम्हनी, याही! सगळं नवापूरले सांगसू. पोर यात्रा दखी, मंग येवू दे. मीबी यात्रालोंग आठेच ऱ्हास.”

आत नर्मदेने पुरणासाठी डाळ शिजत घातली. दुपारी पोटभर जेवून चुनीलाल ओट्यावर घोरू लागले. मागच्या अंगणात दोरीवर सुकलालचं धोतर वाळत होतं. तेवढ्यात कुंपणापाशी बैलगाडी थांबली. धनसिंग खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला.

“माफी द्या, काका. नालामा चाक मोडनं. रातभर तठेच व्हतू.” त्याने गाडीतलं गोणपाट बाजूला केलं. “आते लई जाऊ का खडकवर?”

गाडीत मगर होती. तिचं तोंड मिटलेलं होतं.