घागऱ्याची दुमड

तोमासाने निकानोराच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली, तीही चर्चच्या दारात, सगळ्या गावादेखत. वर्ष सरायला तीनच रविवार उरले होते. नवरा गेलेल्या बाईने वर्षभर दर रविवारी चर्चमध्ये त्याच्या घराण्याच्या थडग्याच्या फरशीवर ज्योत लावून बसायचं, ही इथली रीत. खाडा पडला तर मेलेला अंधारात चाचपडतो म्हणतात. निकानोराने एकही रविवार चुकवला नव्हता. एवढा धिप्पाड तिचा नवरा मातेओ अंधाराला घाबरायचा, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

"माझ्या भावाची ज्योत आता तुझ्या हाताने लागायची नाही," नणंद म्हणाली आणि तिने माद्रिदचं साप्ताहिक निकानोराच्या नाकासमोर धरलं.

मधल्या पानावर रंगीत चित्र होतं. मागे गावची टेकडी, खळं, आणि पुढे निकानोरा, कमरेवर हात, अंगात लालभडक घागरा, जत्रेत नाचायला निघाल्यासारखी. खाली छापलं होतं की चित्रकार डॉन फाउस्तो डोळ्यांनी पाहतात तेच रंगवतात.

उन्हाळ्यात ती त्याच्यासमोर आठ सकाळी उभी राहिली होती हे खरं. मेणबत्त्यांना पैसे लागत नाहीत का? पण उभी राहिली होती ती नखशिखांत सुतकाच्या काळ्यात. आणि हा चितारी मेला आज चर्चसमोरच हजर होता, माद्रिदची दोन बडी गिऱ्हाइकं घेऊन, त्यांना टेकडी दाखवत.

मी काय घातलं होतं ते यांना सांगा, एवढंच तिने त्याला म्हटलं. चार शब्दांचं काम. डॉन फाउस्तोने आधी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग मिशीवरून बोट फिरवलं.

"लालच होता की, बाई. विसरलात?"

गावाने माना डोलावल्या. काय अक्कल एकेकाची! मातेओ गेला त्याच दिवशी यांच्याच डोळ्यांदेखत अंगणात कढई चढली होती. निकानोराकडे घागरा एकच, लग्नातला, लाल. तोच काळ्या रंगात उकळला आणि दांडक्याने ढवळत बसली होती खुद्द तोमासा. पण कागदावर छापलेलं दिसलं की या गावाला स्वतःचे डोळे खोटे वाटतात.

निकानोरा पायरीवर बसली. घागऱ्याचा घेर तिने तोंडाशी धरला आणि खालच्या दुमडीची शिवण दातांनी उसवली. जाड कापड घट्ट दुमडलेलं, आत रंग पोचलाच नव्हता. दोन बोटं रुंद लाल पट्टी उघडी पडली.

"वन्सं, माझा लाल घागरा तो हा. दुसरा असेल तर जा, माझी पेटी उघडून आणा."

तोमासा पट्टीकडे बघत राहिली. कढई ढवळून आठवडाभर तिचीही नखं काळी होती, ते तिला आठवलं असावं. तिची नजर खाली गेली.

"पण छापून आलंय," ती पुटपुटली.

तेवढ्यात डॉन फाउस्तो पुढे झाला. चष्मा सावरून वाकला आणि गिऱ्हाइकांना हाताने जवळ बोलावलं.

"बघा, हाच तो लाल. तंतोतंत! मी म्हणत नव्हतो?"

गिऱ्हाइकं खूश झाली. एकाने तर टाळी वाजवली. निकानोराने जन्मभर डुकरं पाळली होती, पण इतकं निर्लज्ज जनावर तिच्या दारी कधी आलं नव्हतं. तिने उठून तोमासाच्या मुठीतली मेणबत्ती ओढून घेतली. मूठ सैलच होती. तशीच ती उसवलेला घेर लोंबत ठेवून उंबरा ओलांडून आत गेली.

"थांबा, थांबा बाई!" मागून डॉन फाउस्तोचा आवाज आला. त्याने पेन्सिल काढलीसुद्धा होती. "तिथेच, दारात. काळ्याखाली ती लाल किनार, वा! हलू नका."

ती थांबली. वळून तिने त्याला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"डोळ्यांनी पाहता तेच रंगवता ना?" ती म्हणाली. "मग हे रंगवा."

आणि तिने दार त्याच्या तोंडावर लावून घेतलं.