हिरवी गल्ली

"या गल्लीला नव्या वायरी नकोत," अभियंता म्हणाला आणि संगणकाच्या पडद्यावरच्या हिरव्या पट्टीवर त्याने बोट ठेवलं. "अख्ख्या वस्तीत सगळ्यात कमी वीज इथे लागते. मॉडेल सांगतंय, माणसं शिस्तीची आहेत. काम जास्त वीज खाणाऱ्या लाल गल्ल्यांपासून सुरू करू."

समोर बसलेल्या सर्वेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गल्लीत तिची सख्खी मावशी राहत होती. परवाच मावशीच्या सुनेने पंखा चालू असताना इस्त्री लावली आणि बटणातून जाळ निघाला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. एरवी त्या गल्लीत दोन वस्तू एकदम कुणी लावतच नाही. पंखा हवा तर दिवा बंद. वायरी तीस वर्षं जुन्या. भिंतीला हात लावला तरी झटका बसतो.

"साहेब, ती शिस्त नाही, भीती आहे," ती म्हणाली. "इथे गार खोलीत बसून तुमचं मॉडेल अक्कल पाजळतंय. तुम्ही कधी त्या गल्लीत पाऊल तरी टाकलंय?"

अभियंता चिडला नाही. त्याने कपाटातून एक गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला. बासष्ट घरांचे बासष्ट फॉर्म. 'वीज कमी वापरण्याचं कारण' या प्रश्नापुढे प्रत्येक फॉर्मवर एकाच चौकटीत खूण होती: सवय. त्याखालची 'इतर कारण असल्यास लिहा' ही ओळ सगळीकडे कोरी. तळाशी सही तिची.

"मॉडेलला मी सांगितलं तेवढंच कळतं," तो म्हणाला, "आणि मला तुम्ही सांगितलं तेवढंच."

बासष्ट घरं तिने एका दिवसात उरकली होती.

"सोमवारपर्यंत कामाची यादी थांबवा," ती कशीबशी म्हणाली. त्याने होकारार्थी मान डोलावली. कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा उचलून ती तडक वस्तीत गेली. डोकं अजून तापलेलंच होतं, पण आता कुणाच्या नावाने बोटं मोडायची ते तिला कळत नव्हतं.

सून खाटेवर पडली होती. हात पट्ट्यांनी गुंडाळलेला. मावशीने बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. सर्वेवाली आपणच जमिनीवर बसली आणि तिने पेन उघडलं.

"मावशी, वायरींचं सगळं पहिल्यापासून सांग. शब्दन् शब्द लिहून घेते."

मावशी सुनेच्या उशाला बसली.

"मागच्या वेळीही तेच सांगत होते," ती म्हणाली. "तू म्हणालीस, मावशी, पाल्हाळ नको, वीज कमी वापरता ना, हो की नाही तेवढं बोल."