पन्नीतला फोन

"पण यात जिंकायचं कसं?" परीक्षक यशवर्धनजींनी हेडफोन काढून विचारलं.

"जिंकायचं नाहीच आहे सर," संहिता म्हणाली.

"मग हा गेम कसला? आणि धड गेमही नाही, त्याला आर्ट कसं म्हणू, बेटा?" परीक्षकांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि ते पलीकडच्या तैलचित्रांकडे वळले. तैलचित्रांना असले प्रश्न कुणी विचारत नाही. इंदुरात लालबागजवळच्या हॉलमध्ये भरलेल्या त्या कलाप्रदर्शनात संयोजकांनी संहिताचं टेबल मुलांच्या फेस पेंटिंगशेजारी मांडलं होतं, त्यावरूनच काय ते समजायचं.

एरवी ती चिडली असती. आज तिचं लक्षच नव्हतं. रिकाम्या झालेल्या खुर्चीत तिचा मोठा भाऊ विपुल येऊन बसला होता. घरच्या ग्रुपवर तिच्या टेबलाचा फोटो पाहून तो ऑफिसमधून परस्पर आला होता.

विपुलने हेडफोन लावले. पडद्यावर रंगपंचमीची गेर, रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघाली. राजवाड्यासमोर टँकरमधून उडणारा रंग, ढोल, आणि गर्दीत एक तरुण. बाण दाबले की तो नाचत पुढे सरकतो, बस, एवढंच. त्याच्या खिशात पन्नीत गुंडाळलेला फोन असतो. गेरला जाताना इंदुरात सगळेच फोन असा प्लास्टिकमध्ये गुंडाळतात, नाहीतर रंगपाण्यात तो गेलाच. मधूनमधून खिसा उजळतो. खेळणाऱ्याला दिसतं, त्या तरुणाला कळत नाही. नाचत नाचत तो राजेंद्र नगरला घरी पोचतो, तर दाराबाहेर चपलांचा ढीग. तिथे गेम संपतो.

तीन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. बाबांना अटॅक आला तेव्हा आईने गेरमध्ये नाचणाऱ्या विपुलला अकरा फोन केले होते; तो घरी पोचला तेव्हा बाबा गेले होते. तेव्हापासून त्याने घरात बाबांचं नाव काढलं नव्हतं. संहिताने दोन वर्षं खपून गेम केला तो त्याच्यासाठीच. त्या गोंगाटात फोन कुणालाच ऐकू आला नसता, हे त्याला एकदा पटावं, आणि घरात पुन्हा बाबांविषयी बोलता यावं.

पडद्यावर खिसा उजळला. विपुलने बाणांवरचं बोट उचललं. मग तो एकेक बटन दाबून पाहू लागला.

"फोन काढायचं बटन कुठाय?"

"ठेवलंच नाही, दादा. त्याला ऐकूच येत नाही ना! ढोल केवढे असतात तिथे." ती घाईघाईने बोलत सुटली. "तुझी काही गलती नव्हती. मतलब, कुणीही असतं ना तुझ्या जागी, तरी—"

"काढला होता मी."

"काय?"

"फोन. खिशात थरथरला तर काढला. पन्नीतून 'आई' दिसलं. मला वाटलं, जेवायला बोलवतेय. ठेवला परत." तो पडद्याकडेच बघत होता. "दुसऱ्यांदा पण काढला. मग म्हटलं, अरे यार, येतोय ना, और क्या।"

शेजारी एक चिमुरडी गालावर वाघाच्या मिश्या काढून घेत खिदळत होती. दोन वर्षं संहिताने ज्याची बाजू मांडली होती, तो वेगळाच कुणी होता. या दादाला ती ओळखतच नव्हती. तिला भीती वाटली, आणि त्याहून जास्त त्याची दया आली.

"बटन टाक त्याला, संहिता," विपुल म्हणाला. "बिना बटनचा हा झूठा आहे."

पडद्यावर कुणी बाण दाबत नव्हतं, म्हणून तो तरुण भर गर्दीत नुसताच उभा होता. त्याचा खिसा पुन्हा उजळला. विपुलने एक बटन दाबून धरलं होतं. त्याने काहीच होत नव्हतं, तरी तो बोट उचलत नव्हता.