हलका गोटा

मँगनीजच्या खाणीवर दगड निवडणाऱ्या भागरताबाईला मॅनेजरसाहेबांनी थेट ऑफिसात बोलावलं, तेव्हाच तिला कळलं, काहीतरी बिनसलंय.

टेबलावर एक काळा गोटा होता. पुण्याहून आलेला तज्ज्ञ गरजला, "बाई, हा नकली गोटा आहे, यात यंत्र आहे! खाणीतला माल कारखान्यात पोचतो की वाटेत गळतो, ते कॉम्प्युटरवर दिसतं. हा गावच्या रस्त्यावर खड्ड्यात सापडला. कुणी चोरला?"

"चोरी कायची जी? मीच फेकला त्याले. फेकलेले दगड टिप्परवाले खड्ड्यात टाकतात."

"फेकला? का?"

"हलका होता न. मँगनीज उचललं की मनगट बोलते."

"पण रंग तर हुबेहूब होता!"

"रंग पाहून आमी सोयरीक बी करत नाही, साहेब."

मॅनेजर भडकला. "मग डोळे मिटून ओळखून दाखव! चुकलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

तज्ज्ञाने पिशवीतले दोन नकली गोटे आठ खऱ्यांत मिसळले. भागरताबाईने डोळे मिटून एकेक जोखला आणि दोन्ही नकली सवयीने खिडकीबाहेर भिरकावले. तज्ज्ञाने आ वासला.

तिचा हात मात्र थांबेना. मॅनेजर प्रत्येक पाहुण्याला 'आपला अव्वल माल' म्हणून जो चकचकीत गोटा दाखवायचा, तो टेबलाच्या कडेला होता.

"भागरता, तो नको!"

तोवर तिने तो जोखून नाक मुरडलं होतं. गोटा खिडकीबाहेर गेला.

खिडकीखाली उभा असलेला, फेकलेल्या दगडांनी भरलेला टिप्पर तिन्ही गोटे घेऊन गावच्या खड्ड्यांकडे निघाला.