बांध कोरणारा माणूस

नारायणगावच्या डेअरीतली कायमची नोकरी सोडून सुदर्शन लिहायला बसला आणि अठ्ठ्याण्णवच्या दिवाळी अंकात त्याची पहिली गोष्ट छापून आली. दर नांगरटीला भावाचा बांध वीतभर कोरणाऱ्या माणसाची. नावं त्यानं बदलली होती. तरी गावातल्या सलूनच्या बाकावर तो अंक दिसला आणि तो दाढी न करताच घरी परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारचा ठकाजी दारात उभा. "माझंच लिवलंय ना? आता गावात तोंड कसं दावू?" तो वळतोय तोवर माजी सरपंच आले. तेही तेच म्हणाले, फक्त शिव्या घालून. दुपारपर्यंत पाच जण दम देऊन गेले. प्रत्येकाला तो माणूस आपणच वाटत होता.

सुदर्शनला त्यांची भीती नव्हती. त्याचं सगळं लक्ष पडवीत बसलेल्या वडिलांकडे होतं. नोकरी सोडल्यापासून हौशीराम त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आज मात्र ते चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून, तीच गोष्ट दुसऱ्यांदा वाचत होते. आणि गोष्ट त्यांचीच होती.

अखेर त्यांनी अंक मिटला. चष्मा काढून बाजूला ठेवला. आता ते भडकणार, असं सुदर्शनला वाटलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"नोकरी सोडलीस, ती सोडलीस," वडील खाली बघतच म्हणाले. "पर पुढची गोष्ट कशावर लिवणार हाईस, तेवढं मला आदी सांग."